सरपण, पाणी आणि शेजार : नेब्रास्काच्या माळावरचे संसार

रानजाई (धागाकर्ती)

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात आल्या आहेत. गाव जळगाव जिल्ह्यातलं, घर धाब्याचं, वय पंचाहत्तर. मॉल झाले, देऊळ झालं, मग म्हणाल्या, "इथं जुनं काही आहे की सगळं कालच बांधलंय?" जुनं म्हणजे इथे शे-सव्वाशे वर्षांचं. त्यांच्या माजघरातला पाळणा त्याहून जुना निघेल. तरी गेल्या शनिवारी तीन तास गाडी हाणून कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) कॉमस्टॉक गावाजवळ गेलो. तिथे डाऊस कुटुंबाने १९०० साली बांधलेलं सॉडचं घर अजून उभं आहे.

सॉड म्हणजे मुळांसकट सोललेली गवताची जमीन. या माळावर झाड नाही, दगड नाही, पण गवताची मुळं इतकी दाट की नांगराने पट्टा काढला तर चटईसारखा सलग निघतो. त्याचे फावड्याने तुकडे करायचे : दोन-तीन फूट लांब, फूटभर रुंद, चार इंच जाड. गवताची बाजू खाली करून ते एकावर एक रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाडीची. सोळा बाय वीस फुटांच्या एका खोलीसाठी अर्धा-एक एकर रान सोलावं लागे. तेव्हाचे लोक थट्टेने याला "नेब्रास्काचा संगमरवर" म्हणत.

सासूबाईंनी आत शिरताच भिंतीला तळहात लावला, खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाहिलं (आरामात मावल्या) आणि म्हणाल्या, "आपलंच घर आहे की. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण धाब्यावर दरवर्षी खारी माती टाकावी लागते. यांचं गळत नव्हतं?"

गळायचं. बाहेरचा पाऊस थांबला तरी घरातला दोन दिवस चालू, अशी तेव्हाची तक्रार आहे. बायका चुलीपाशी छत्री धरून स्वयंपाक करायच्या. छतातून माती, उंदीर, कधी सापही खाली पडे, म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत.

मग बाहेर येऊन त्यांनी चारी दिशांना बघितलं आणि एकापाठोपाठ तीन प्रश्न टाकले. "झाड एक दिसत नाही, सरपण कुठलं? नदी दिसत नाही, पाणी कुठलं? आणि गाव कुठाय?"

पहिल्याचं उत्तर मला येत होतं. रानशेण्या! आधी बायसनच्या (इथले रानगवे), बायसन संपल्यावर गाईगुरांच्या. बायका-पोरं गोणी घेऊन माळभर फिरून गोळा करायची. पूर्वेकडून आलेल्या बायकांना आधी भयंकर किळस. त्या काळच्या आठवणींमध्ये हा क्रम सापडतो : सुरुवातीला चिमट्याने उचलायच्या, मग फडक्याने, मग नुसत्या बोटांनी, आणि वर्षभरात अशी पाळी की कणीक मळता मळता चुलीत शेणी सारायची आणि हात न धुता परत मळायला घ्यायचं. हे सांगितल्यावर सासूबाई खो खो हसल्या. "यात किळस कसली? वाळल्यावर ते गवतच."

बाकी दोन प्रश्नांसाठी धागा काढतेय. या माळावरचे रोजचे संसार कसे चालत, जाणकारांनी भर घालावी.

---

तिखटमीठ

मस्त धागा! हात न धुता कणीक हे वाचून आत्ताच चहासोबतची खारी बाजूला ठेवली. वाचनखूण साठवली आहे.

---

अक्षांश

आधी कायद्याची चौकट सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं.

हे लोक ज्या कायद्याने माळावर आले त्या होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केली, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. १६० एकर (साधारण ६५ हेक्टर) सरकारी जमीन. फी सगळी मिळून १८ डॉलर. अट अशी की पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि मग दोन साक्षीदार नेऊन दावा पक्का करून घ्यायचा. वय २१ किंवा कुटुंबप्रमुख असणं पुरे. अविवाहित बाई, विधवा, नुकतेच मुक्त झालेले गुलाम, नागरिकत्वाचा अर्ज केलेले परदेशी, सगळ्यांना चाले. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या नावावर नाही.

लबाड्याही भरपूर. घर बारा बाय चौदा हवं अशी समजूत होती, पण फूट की इंच ते कुणी लिहिलेलं नाही. मग बारा बाय चौदा इंचाचं खेळण्यातलं घर ठेवून "घर आहे" अशी शपथ घेणारे निघाले. चाकावरची खोली या दाव्यावरून त्या दाव्यावर ओढत नेणारेही होते. सातबाऱ्याच्या देशातल्या माणसांना यात नवल वाटू नये.

शेवटी सुमारे १६ लाख दावे पक्के झाले, जमीन २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीच्या दहा टक्के. कायदा १९७६ पर्यंत चालू होता, अलास्कात आणखी दहा वर्षं. पहिला दावेदार मानतात तो डॅनियल फ्रीमन, बीॲट्रिसजवळचा. तिथे आता राष्ट्रीय उद्यान आहे, लिंकनहून तासाभरावर. रानजाई, तेही करा.

---

गुळपोळी

@अक्षांश, म्हणजे एखादा कोकणातला माणूस १८९० ला तिकडे पोचला असता तर त्याला १६० एकर मिळाले असते? आमच्या आजोबांनी उगाच मुंबईची गिरणी धरली.

---

अक्षांश

@गुळपोळी, बहुधा नाही. अट अशी होती की अर्जदार नागरिक हवा किंवा नागरिक होण्याचा अर्ज केलेला, आणि १८७० नंतर नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच. भारतीय लोक गोरे की नाही यावर मधली काही वर्षं गोंधळ होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. दार उघडलं १९४६ मध्ये. आजोबांचं गिरणीचंच बरोबर होतं.

---

जोंधळा

खाण्याबद्दल मी लिहितो, शेतीखात्यात आयुष्य गेलंय.

पहिल्या वर्षी गहू येत नसे, कारण नुकत्या उलटलेल्या सॉडमध्ये पेरणीच नीट होत नाही. मग कुऱ्हाडीने त्या चटईला चीर पाडायची, मक्याचे दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं तिन्ही त्रिकाळ मका. सकाळी मक्याच्या पिठाची पेज, दुपारी मक्याची जाड भाकरी, रात्री सकाळची थिजलेली पेज कापून चरबीत तळलेली. बरोबर खारवलेलं डुकराचं मांस. गोडाला काकवी, पण उसाची नव्हे, गोड ज्वारीची. आपल्या ज्वारीचीच ही बहीण, धांडा चरकातून काढायचा आणि रस आटवायचा. कॉफी परवडत नसे, मग राय किंवा बार्ली करपेपर्यंत भाजून तिचाच काढा. ओढ्याकाठी रानटी आलुबुखार आणि चोकचेरी मिळे, ती वाळवून ठेवत.

रोकड पैसा बाईच्या हातून यायचा हे फार कमी लिहिलं जातं. गहू वर्षातून एकदा, तोही आला तर. लोणी आणि अंडी दर आठवड्याला. ती दुकानात देऊन साखर, मीठ, सुया, मांजरपाट आणायचा. पिठाच्या पोत्यांचे परकर आणि पोरांच्या चड्ड्या.

लाल गव्हाचं सांगायला हवं. १८७४ मध्ये रशियातून जर्मन बोलणारे मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकरी शेजारच्या कॅन्सस राज्यात आले. त्यांच्यासोबत "टर्की रेड" हा हिवाळी गहू आला. शरदात पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी कापायचा. कॅन्सस आज गव्हासाठी ओळखलं जातं त्याचं मूळ तिथे. आणि हो, हे लोक शेणात काडीकचरा तुडवून, विटा पाडून, वाळवून जाळायचे. गोवऱ्याच म्हणा ना. शेजारचे अमेरिकन नाकं मुरडायचे.

---

रानजाई

@जोंधळा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. ज्वारीची काकवी ऐकून त्या उठून बसल्या. आता ती शोधणं आलं.

दुसऱ्या प्रश्नाचं, पाण्याचं, मी थोडं वाचलं. ज्यांना ओढ्याकाठची जमीन मिळाली ते नशीबवान. बाकीच्यांनी घसरगाडीवर पिंप ठेवून मैलोगणती पाणी ओढलं. कस्टर काउंटीच्या वरच्या पठारावर विहिरी शंभर-दोनशे फूट खोल, हाताने खणलेल्या, बांधकाम नाही, वरून माती ढासळायची भीती. पवनचक्क्या सर्रास आल्या त्या नंतर. त्यामुळे एकच पाणी तीनदा वापरायचं : अंघोळीचं कपड्यांना, कपड्यांचं जमिनीवर मारायला. साबण घरचाच, राखेच्या पाण्यात चरबी उकळून.

---

काटोलकर

सरपण-पाण्याचं झालं, पण टोळांशिवाय हा विषय पुराच होत नाही.

२०२० च्या मे महिन्यात आमच्याकडे टोळधाड आली तेव्हा आम्ही डबे-थाळ्या बडवत रात्रभर संत्र्याच्या बागेत होतो. आधी अमरावतीकडून बातमी आली, मग वर्धा, मग आमचा पट्टा. फवारणीला अग्निशामक बंब आले होते. झाडावर टोळ बसले की फांदी वाकते आणि पाऊस पडावा तसा कुरकुर आवाज येतो, तो ऐकल्यावर विसरत नाही.

हे अशासाठी सांगतो की १८७४ च्या उन्हाळ्यात डाकोटापासून टेक्सासपर्यंत जे झालं त्यापुढे आमचं काहीच नाही. दुपारी सूर्य झाकोळला, लोकांना वाटलं ढग आले. काही तासांत मका बुंध्यापर्यंत साफ. कांदे जमिनीत पोखरून खाल्ले, मागे नुसती भोकं. बायकांनी भाजीच्या वाफ्यांवर गोधड्या टाकल्या तर गोधड्या खाल्ल्या. कुदळीचे दांडे, घोड्यांचे पट्टे कुरतडले, त्यात घामाचं मीठ मुरलेलं म्हणून. रुळांवर इतके चिरडले की इंजिनांची चाकं घसरायला लागली. मिनेसोटाच्या गव्हर्नर पिल्सबरींनी २६ एप्रिल १८७७ हा दिवस प्रार्थनेसाठी जाहीर केला होता.

गंमत पुढे आहे. ही टोळाची जातच नाहीशी झाली! जिवंत शेवटची दिसली १९०२ मध्ये. सगळ्यांत पटणारं कारण असं की रॉकी पर्वतातल्या नदीखोऱ्यांत तिची अंडी घालायची जागा होती, आणि तीच जमीन नव्या शेतकऱ्यांनी नांगरली, गुरं घातली. टोळांना कुणी मारलं नाही, नांगराच्या फाळाने आपसूक गेले.

---

खडूफळा

शाळेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून निवृत्त मास्तर लिहितोय.

एका खोलीची शाळा, पहिली ते आठवी एकत्र, मास्तरीण बहुधा विशीची, कधी तिच्यापेक्षा उंच विद्यार्थी. शेतीची कामं नसतील तेव्हा शाळा. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ त्या हिवाळ्यात अनपेक्षित उबदार होती. पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली, बाप्ये जनावरं घेऊन रानात. दुपारी वायव्येकडून पिठासारखा बारीक बर्फ घेऊन वारा आला आणि हातभर पलीकडचं दिसेना. तापमान कोसळलं. मृतांचा आकडा साधारण २३५ असा देतात, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच. म्हणून नावच पडलं "शाळकरी मुलांचं हिमवादळ".

नेब्रास्कातल्या ऑर्ड गावाजवळच्या एका सॉडच्या शाळेत मिनी फ्रीमन नावाची मास्तरीण होती. वाऱ्याने छप्पर उचललं तेव्हा ती सगळ्या मुलांना घेऊन जवळच्या शेतघरापर्यंत पोचली, एकही मूल दगावलं नाही. वर्तमानपत्रांनी तिने मुलांना दोरीने एकत्र बांधून नेल्याचं रंगवलं. दोरीचं खरं-खोटं यावर तेव्हापासून वाद आहे. तिला पुढे लग्नाच्या मागण्या मात्र ढिगाने आल्या. पस्तीस वर्षं मुलांना सांभाळून सहलीला नेलंय मी, दोरी नसेल तर तिने काय केलं असेल या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

---

रोखठोक

सगळे वाचतोय. या लोकांनी फुकटात काही मिळवलं नाही, घाम गाळून मिळवलं. हल्ली प्रत्येक गोष्टीत "जमीन कुणाची होती" हे काढायची फॅशन आहे, ते इथे कुणी काढलं नाही याबद्दल अभिनंदन.

---

दुर्बीण

@रोखठोक, मी काढतेच. फॅशन म्हणून नाही, रानजाईंच्या सासूबाईंनी विचारलं म्हणून. "गाव कुठाय?"

गाव होतं. ज्या लूप नदीच्या खोऱ्यात खडूफळा यांची शाळा आहे, त्याच नदीच्या खालच्या अंगाला पॉनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची गावं होती. मातीचीच घरं, पण गोल, घुमटासारखी, लाकडी सांगाड्यावर गवत आणि माती. एका घरात अनेक कुटुंबं. नदीकाठच्या मळ्यांत बायका मका, घेवडा, भोपळा पिकवायच्या. वर्षातून दोनदा सगळं गाव बायसनच्या शिकारीला निघायचं. करारांमागून करार होत जमीन आक्रसत गेली, आणि १८७० च्या दशकात त्यांना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. "रिकामी" जमीन अशी रिकामी झाली.

बायसनचंही तेच. रानशेण्या मिळत होत्या कारण लाखो बायसन नुकते मारून संपवले होते. नवीन शेतकऱ्यांनी पहिल्या वर्षी विकलं काय, तर त्यांच्या रानातली बायसनची हाडं! गाडीभर गोळा करून रेल्वे स्टेशनवर द्यायची, ती खताला आणि साखर शुद्ध करायला जायची. पीक येईपर्यंत कितीतरी घरं त्या हाडांवर जगली. घाम खरा होता, कोण नाही म्हणतंय? पण घाम गाळायला जागा कशी मोकळी झाली तेही त्याच घरातल्या चुलीत दिसतं.

---

रोखठोक

हाडांचं माहीत नव्हतं. बाकी मतभेद राहू देत.

---

विचितावाली

कॅन्ससहून हजेरी. निकोडिमस कुणी सांगितलं नाही. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांनी वसवलेलं हे गाव, आमच्यापासून तीनेक तासांवर. जाहिरातीत गाव म्हणून सांगितलं होतं. एक बाई पोचली आणि नवऱ्याला विचारू लागली, गाव कुठंय? त्याने जमिनीतून वर येणारे धुराचे पट्टे दाखवले. लोक टेकाडात बिळं खणून राहत होते. ती तिथेच रडायला लागली. पण त्या लोकांनी एकत्र राहायचं सोडलं नाही. चर्च, शाळा, दुकानं उभी केली. रेल्वे बाजूने निघून गेली तरी थोडी घरं अजून आहेत आणि दर उन्हाळ्यात वंशज जमतात. मी दोनदा गेलेय.

अवांतर : वारा. इथला वारा थांबत नाही. मला चौदा वर्षं झाली, डबल काचेच्या घरात राहते, तरी मार्चमध्ये डोकं उठतं.

---

रानजाई

@दुर्बीण, @विचितावाली, तुम्ही दोघींनी तिसऱ्या प्रश्नाला हात घातलात. मला त्यावरच लिहायचं होतं.

आपल्याकडे घरं गावठाणात, शेतं बाहेर. सकाळी शेतात जायचं, संध्याकाळी ओट्यावर. वस्तीवर राहणारा माणूस म्हणजे जरा वेगळाच. होमस्टेडच्या कायद्याने सगळ्यांनाच वस्तीवर बसवलं. स्वतःच्या १६० एकरांत राहिलात तरच दावा पक्का, आणि ते १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल चौकोन. शेजारीण म्हणजे दूरवरचा धूर. जोंधळांच्या मेनोनाइट मंडळींनी कॅन्ससमध्ये ग्नाडेनाउ नावाचं आपल्या पद्धतीचं गाव बसवलं होतं, एका रस्त्यावर ओळीने घरं. काही वर्षांतच ते मोडून जो तो आपापल्या तुकड्यावर गेला.

सासूबाईंना मी आठवड्याचं वेळापत्रक सांगत होते, सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री. त्यांनी मध्येच तोडलं. "ते जाऊ दे. बाळंतपणाला कोण यायचं?" वेळेवर पोचली तर शेजारीण. नवरा घोड्यावरून आणायला जायचा, तोपर्यंत बाई एकटी, नाहीतर थोरली मुलगी जवळ. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचं पहिलं बाळंतपण पावसाळ्यात वस्तीवर झालेलं आहे, नाल्याला पूर होता. हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर परवा कळलं.

मग मी त्यांना सॉलोमन बुचरचे फोटो दाखवले. हा माणूस १८८६ पासून कस्टर काउंटीत गाडी घेऊन फिरला आणि घरोघरी सॉडच्या घरांपुढे कुटुंबांचे फोटो काढले. लोक घरातलं सगळ्यांत भारी काय ते बाहेर मांडून बसायचे. कुणी घोडे, कुणी टेबलावर कापलेलं कलिंगड. एका बाईने पायपेटी अंगणात ओढून आणवली, पण मागे घर येऊ दिलं नाही. पूर्वेकडच्या नातेवाइकांना मातीचं घर दिसायला नको!

---

तिखटमीठ

पायपेटीवाली बाई म्हणजे माझी आई. व्हिडिओ कॉलला सोफ्याची चांगली बाजूच दाखवते.

---

रानजाई

@तिखटमीठ, :) शेवटचं एकच आणि मग ज्वारीची काकवी आणायला निघते, दुकान सापडलंय.

बुचरच्या फोटोंत सासूबाई एकावरच थांबल्या. १८८६ चाच. सॉडच्या खोलीसमोर चार बहिणी ओळीने उभ्या, मागे घोडे. क्रिसमन बहिणी. यांनी आपापल्या नावाने जमिनी घ्यायचं ठरवलं. पण एकटीने माळावर राहायचं कसं? मग त्यांनी पाळी लावली : काही दिवस हिच्या खोलीत सगळ्यांनी राहायचं, मग तिच्या. राहण्याची अट पुरी आणि रात्री बोलायला माणूसही.

मी कौतुकाने सांगत होते. सासूबाईंनी चष्मा वर करून चौघींचे चेहरे एकेक करून नीट पाहिले.

"बहिणी होत्या म्हणून जमलं," म्हणाल्या. "जावा असत्या तर पहिल्याच खोलीत चार चुली."